फिरत्या तबकडीचा खर्ज

रात्री घरातले आवाज एकेक करून निजले, की टेबलावरच्या हार्ड डिस्कचा आवाज उरतो. दिवसा तो कानाला कळत नाही, हाताला कळतो. लाकडावर कोपर टेकलेलं असताना आत शिरणारी बारीक थरथर, एवढीच त्याची दिवसाची ओळख. रात्री मात्र त्या थरथरीला सूर फुटतो. अडीच इंची डिस्कच्या पोटातली तबकडी मिनिटाला 5400 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 90. आणि कोणतीही गोष्ट सेकंदाला 90 वेळा थरथरू लागली की तिला सूर येतोच. पांढरी चार षड्ज धरून तंबोरा लावला, तर त्याची खर्जाची तार सेकंदाला सुमारे 87 वेळा थरथरते. डिस्कचा सूर त्याहून श्रुतीभर चढा. माझी आत्या पांढरी चारमध्ये गायची.

बायकांच्या मानाने ही पट्टी खालची. तिचा आवाजच तसा होता, भरदार, थोडा सावळा, बोलतानाही खाली उतरणारा. मिरजेत तंतुवाद्यं घडवणाऱ्यांच्या गल्लीपासून तिचं घर हाकेच्या अंतरावर होतं. सुट्टीत तिच्याकडे जायला निघालं की वाटेत दुकानांच्या दारात उन्हं खात बसलेले भोपळे दिसायचे, कुणाला नुकती दांडी बसलेली, कुणी अजून नुसताच उघडा, आणि सगळ्या गल्लीभर लाखेच्या पॉलिशचा वास. ज्या गावात अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, आणि 1937 साली गेल्यावर मीरासाहेबांच्या दर्ग्यात विसावले, त्या गावात सुराकडे पाठ फिरवून वाढणं तसं अवघडच. आत्या तर दर्ग्याच्या उरुसातली रात्र-रात्र चालणारी गाणी ऐकतच मोठी झाली. पुढे ती शिकवू लागली. शिकायला येणाऱ्या मुली तिला ‘बाई’ म्हणायच्या, आणि मीही शिकवणीच्या वेळी बाईच म्हणावं, असा तिचा प्रेमळ पण न बदलणारा आग्रह होता.

शिकवणी सुरू होण्याआधी तंबोरा लागायचा. तो लागताना पाहणं हेच माझ्यासाठी अर्धं शिक्षण होतं. पंचमाची तार, मग जोडी, मग पितळेचा खर्ज. खुंट्या पिळून झाल्या की मणी सरकवायचे, आणि शेवटी घोडीवर, तारेच्या खाली, सुताचा लहानसा धागा बोटाच्या टोकाने पुढेमागे करायचा. धागा कुठे थांबवायचा हे डोळ्याला कळत नाही. तो एका जागी आला की एरवी ठक्‌ वाजणारी तार एकाएकी उघडते, एका स्वरातून अनेक स्वर सुटू लागतात, खोलीच्या कोपऱ्याकोपऱ्यातून गुणगुण येऊ लागते. आत्या म्हणायची, “आधी खर्ज ऐक गं. तो नीट लागला की बाकीच्या तारा आपली जागा शोधतात.” आणि मग ती काही न बोलता बराच वेळ नुसती तारा छेडत राहायची. घाई कसली ती नाहीच.

तिच्या शिकवण्या मुली टेप करायच्या. त्यामुळे तिच्या माघारी आमच्याकडे आल्या त्या कॅसेटी. कुणावर निळ्या शाईत राग लिहिलेला, कुणावर नुसतीच तारीख, काहींवर काहीच नाही. या सगळ्या कॅसेटींमध्ये एक गोष्ट सारखी होती: बटण नेहमी आधी दाबलं जायचं. गाणं सुरू व्हायच्या कितीतरी आधीपासून टेप फिरत असायची, आणि तेवढा वेळ त्यावर फक्त तंबोरा होता. मधूनच बांगड्यांचा आवाज, कुणाचं खाकरणं, बाहेरून जाणाऱ्या टांग्याची घंटा. आणि खाली सतत, जमिनीसारखा, खर्ज.

कॅसेट संगणकात उतरवताना आडवाट नसते. तासाच्या कॅसेटला तासच लागतो. टेपरेकॉर्डरमधून वायर संगणकात जाते, पडद्यावर हिरवी लाट सरकत राहते, आणि आपण समोर बसून ऐकत राहतो. मिनिटाला सुमारे 10 मेगाबाइट या हिशेबाने आत्या तासाला 600 मेगाबाइट होत गेली. हे असं लिहिताना माझा हात अडखळतो, पण त्या दिवसांत मला त्यात कुठेही कोरडेपणा वाटला नाही. उलट तिचा प्रत्येक श्वास कुठेतरी अंक होऊन जपला जातो आहे, याचा एक शांत आनंद होता. सगळं उतरवून झाल्यावर एक प्रत नागपूरला भावाकडे गेली आणि दुसरी माझ्या जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या डिस्कवर. त्या डिस्कसाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एक बिननावाचं अॅल्युमिनियमचं केसिंग घेतलं. आत बोटाच्या पेराएवढी हिरवी पट्टी, तिच्यावर एक काळी चिप, एका टोकाला डिस्क बसते, दुसऱ्या टोकाला यूएसबीची केबल. डिस्कची भाषा एक, संगणकाच्या यूएसबीची दुसरी; मधला सगळा संवाद ती चिप करते. वापरणाऱ्याला तिचं नावही माहीत नसतं.

जुनी डिस्क लाकडी टेबलावर ठेवली की लाकूड तिचा आवाज उचलून मोठा करतं. खाली घडी केलेला टॉवेल घातला की तो विझतो. मी टॉवेल कधीच घातला नाही. एका रात्री कॅसेटीतला तंबोरा आणि डिस्कची गुणगुण एकाच वेळी कानावर पडली, दोन्हींच्या मध्ये तो श्रुतीभर फरक, आणि जवळजवळच्या दोन स्वरांमध्ये जी लाटेसारखी हलकी हेलकावण उठते ती खोलीभर उठली. तेव्हापासून ती डिस्क माझ्यासाठी नुसतं गाणं साठवायचं साधन उरली नाही. ती गाण्याच्या आधीचा तंबोरा झाली. केबल लावायची, दिवा लुकलुकू द्यायचा, तबकडीला वेग घेऊ द्यायचा. मग आत्या.

2015 सालच्या उन्हाळ्यात संगणकावरचं लिनक्स मी नव्या आवृत्तीवर नेलं. कर्नल 3.2 होतं, ते 3.16 झालं. कर्नल म्हणजे यंत्राचा अगदी आतला कारभारी. पडदा, कळफलक, डिस्क, आवाज, सगळ्यांशी बोलणं त्याच्यामार्फत. हा कारभारी बदलला की बाहेरून काही दिसत नाही. तोच पडदा, तीच अक्षरं. रात्री सवयीने केबल लावली. दिवा लागला. तबकडीने वेग घेतला, टेबलाच्या लाकडात ती ओळखीची थरथर उतरली, खर्ज लागला. आणि पुढे काहीच झालं नाही.

ती रात्र मला अजून आठवते ती या विचित्र अवस्थेमुळे. शांतता असती तर मन लगेच म्हणालं असतं, डिस्क गेली. जुन्या डिस्क जातात. त्यांचीही वयं होतात. पण इथे तंबोरा चालू होता. स्वर स्थिर होता, जराही न डगमगणारा. फक्त बाई गायला सुरुवात करत नव्हत्या. पडद्यावर डिस्कचं चिन्ह क्षणभर यायचं, फोल्डर उघडायला गेलं की सगळं गोठायचं. दिवा एकसारखा जळत राहायचा. आणि मग साधारण अर्ध्या मिनिटाने आत कुठेतरी एक बारीक ‘टिक्‌’, दिवा विझून पुन्हा लागायचा, आणि परत तीच वाट पाहणं. गाणं कायमचं हरवलं नव्हतं, नागपूरची प्रत होती, हे डोक्याला ठाऊक होतं. तरी जीव खाली-वर होत होता. माणूस समोर बसलेलं आहे, श्वास चालू आहे, आणि हाकेला ओ देत नाही, असं काहीतरी.

हाताशी असलेले साधे उपाय आधी झाले. दुसरी केबल. दुसरं पोर्ट, मागच्या बाजूचं, मधे हब न घालता. वीज पुरत नसेल म्हणून पाहिलं: यूएसबी 2 च्या तोंडातून 500 मिलिअँपिअर मिळतात, 3 च्या तोंडातून 900, आणि तबकडीला फिरायला सुरुवात करतानाच सर्वांत जास्त लागतात. पण तबकडी तर फिरत होती. मग एलएसयूएसबी ही आज्ञा दिली. संगणकाला जोडलेल्या वस्तूंची यादी आली, आणि तिच्यात माझं बिननावाचं केसिंग होतं, चार-चार अक्षरांच्या दोन क्रमांकांसह, पहिला बनवणाऱ्याचा, दुसरा वस्तूचा. ते क्रमांक पाहून फार बरं वाटलं. म्हणजे दारात कोण उभं आहे हे आतल्याला कळत होतं.

मग डीमेसेज. कर्नल जे जे करतो, पाहतो, ज्याला अडखळतो, ते सगळं तो वेळेसह लिहून ठेवतो, आणि या एका आज्ञेने ते लिखाण समोर येतं. माझ्या ओळखीतले पुष्कळ हुशार लोक या ओळींना घाबरतात. मला त्या पहिल्यापासून आवडत आल्या आहेत. त्यात लपवाछपवी नसते, आणि कुणाला दोषही दिलेला नसतो. काय झालं तेवढंच असतं. दिवे मालवून मी त्या ओळी वाचत बसले. नवं उपकरण सापडलं. डिस्कचा आकार कळला. तिच्यावरचा भाग ओळखला. मग 30 सेकंदांची रिकामी जागा. मग: दिलेल्या आज्ञा अजून वाटेत आहेत, उत्तर नाही, आज्ञा मागे घेतो आहे, उपकरण नव्याने सुरू करतो आहे. पुन्हा 30 सेकंद. या अडखळलेल्या ओळींमध्ये तीन अक्षरं होती, जी जुन्या कर्नलच्या नोंदींमध्ये मी कधी पाहिली नव्हती: यूएएस.

त्या अक्षरांवर बोट ठेवण्याआधी मी आणखी एक गोष्ट केली, आणि ती आजही कुणालाही पहिल्यांदा सांगते. नवं कर्नल आलं की जुनं लगेच जात नाही. संगणक सुरू होताना जी यादी येते, तिच्या आतल्या पानावर ते बसलेलं असतं. मी 3.2 निवडलं. केबल लावली. दिवा, वेग, थरथर, आणि दुसऱ्याच क्षणी सगळे फोल्डर आपापल्या नावांसह उघडे. यमन. भीमपलास. नुसतीच तारीख. काहीच नाही. मी एक फाइल लावली आणि फक्त सुरुवातीचा तंबोरा ऐकला. बस. डिस्क धडधाकट होती. केबल, केसिंग, सगळं होतं तसंच होतं. बिघाड वस्तूत नव्हता, दोघांच्या बोलण्यात होता.

बोलण्याचं असं आहे. यूएसबीवरच्या डिस्कशी, पेनड्राइव्हशी संगणक वर्षानुवर्षं एकाच रीतीने बोलत आला. एक आज्ञा पाठवायची, 31 बाइटची. मग माहिती जाईल किंवा येईल. मग डिस्ककडून पोच, 13 बाइटची, आणि तिच्यावर त्याच आज्ञेचा क्रमांक. पोच मिळाल्याशिवाय पुढची आज्ञा नाही. संथ रीत, पण सरळ. लिनक्समध्ये ही रीत मॅथ्यू धर्म यांनी बसवली, पुढे अॅलन स्टर्न यांनी अनेक वर्षं सांभाळली. 2008 साली यूएसबी 3 आलं, वेग सेकंदाला 480 मेगाबिटवरून 5 गिगाबिटवर गेला, आणि एकेक पोच घेत चालणं त्या वेगाला अडसर वाटू लागलं. मग यूएएस. यात अनेक आज्ञा एकदम पाठवता येतात, डिस्कने त्या सोयीने, हव्या त्या क्रमाने पुऱ्या कराव्यात. लिनक्सने या रीतीचा चालक, म्हणजे ड्रायव्हर, 2014 च्या जूनमध्ये, 3.15 मध्ये, खऱ्या अर्थाने वापरात आणला. 3.2 ला तो उपयोगाचा नव्हता, 3.16 ला होता. माझ्या केसिंगमधली ती काळी चिप जोडणीच्या वेळी दोन्ही रीती पुढे करत होती, जुनीही येते, नवीही येते. जुनं कर्नल जुनी रीत धरायचं. नव्याने तिच्या शब्दावर विश्वास ठेवून नवी धरली. आणि चार आज्ञा एकदम अंगावर आल्यावर ती चिप गप्प झाली.

मला तिचा राग आला नाही. स्वस्तातली चिप, तिला कुणीतरी घाईघाईने तयार केलं असेल, वेष्टनावर नवा शब्द छापता यावा म्हणून तिच्या तोंडी ते वाक्य घातलं असेल. ती इतकी वर्षं न चुकता जे करत आली होती ते फार मोलाचं होतं, आणि ते ती अजूनही करू शकत होती. फक्त तिच्याशी एका वेळी एकच बोलायला हवं होतं.

इथे मी ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसले ती येते. लिनक्सच्या उघड्या संहितेत या असल्या वस्तूंसाठी एक यादी आहे. नियमाप्रमाणे न बोलणाऱ्या उपकरणांची यादी. आधी जुन्या रीतीपुरती होती, यूएएस आल्यावर तिच्या शेजारी दुसरी आली. त्या रात्री मी ती पहिल्यांदा सलग वाचली आणि वाचतच राहिले. कॅमेरे आहेत, गाणी वाजवायची छोटी यंत्रं आहेत, फ्लॉपी वाचणारी खोकी आहेत, आता कुठल्या कपाटात असतील कोण जाणे असे फोन आहेत. प्रत्येकाचे दोन क्रमांक आणि पुढे त्याची खोड. एकाला एका दमात 32 किलोबाइटपेक्षा जास्त मागायचं नाही. एक सगळी माहिती देऊन टाकतं आणि तरी पोचेवर लिहितं, अजून बाकी आहे. त्या बाकीकडे लक्ष द्यायचं नाही. एकाला विचारलं की तुझा शेवटचा कप्पा कितवा, तर ते कप्प्यांची एकूण संख्या सांगतं. मोजणी शून्यापासून असल्याने उत्तर एकाने जास्त येतं, आणि कर्नलने तो नसलेला कप्पा उघडायला जाऊ नये म्हणून इथे आधीच लिहून ठेवलं आहे की याच्या उत्तरातून एक वजा कर.

आणि बहुतेक नोंदींच्या डोक्यावर एक नाव. ही नोंद कुणी कळवली त्याचं नाव, पत्ता, जमल्यास दोन शब्दांत कारण. यादीच्या वर तशी विनंतीच केलेली आहे, की नोंद घालायची असेल तर आपलं नाव-पत्ता तिच्यावर लिहा, आणि क्रम बिघडवू नका. ही सगळी माणसं कर्नल लिहिणारी नव्हेत. बरीचशी तुमच्या-माझ्यासारखी असणार. कुणाच्या तरी कॅमेऱ्यात लेकराचे फोटो अडकले असतील, कुणाच्या डिस्कवर प्रबंध. वस्तू फेकून दुसरी आणणं सोपं होतं. तसं न करता ते बसले, नोंदी वाचल्या, आपल्या वस्तूला नेमकं काय जमत नाही ते शोधलं, आणि मग ते स्वतःपुरतं न ठेवता कळवलं. त्यांनी कळवलं म्हणून जगात दुसऱ्या कुठल्या तरी घरी तीच वस्तू केबल लावताच चालू झाली, आणि त्या घरातल्या कुणाला कधी कळलंही नाही की इथे एक अडचण होती. मला ही यादी फार सुंदर वाटते. इतक्या कोरड्या जागी इतकी माया साठलेली मी क्वचितच पाहिली आहे. एका वस्तूसाठी सगळ्यांची रीत बदलायची नाही, आणि रीतीसाठी त्या वस्तूला बाहेरही काढायचं नाही. तिच्यापुरतं, तिचं नाव घेऊन, तेवढं सांभाळून घ्यायचं.

त्यातल्या एका खोडीपाशी मी थांबले. काही चिपना आज्ञा आणि माहिती यांच्यामध्ये थोडी उसंत लागते. आज्ञा ऐकली, आता माहिती घ्यायची, तर मध्ये 100 मायक्रोसेकंद थांबा, एवढंच त्यांचं मागणं. आणि चालक लिहिणाऱ्याने तिथे 100 न ठेवता 125 ठेवले आहेत, शेजारी कारण लिहून, की काहींना थोडं जास्त लागतं, बहुतेक त्यांची घड्याळं नेमकी नसल्यामुळे. सेकंदाचा आठ हजारावा भाग. एवढ्याशा उसंतीत एक वस्तू चालते, ती न दिल्याने बंद पडते. मला आत्याच्या शिकवणीतली ती नवी मुलगी आठवली, तंबोरा छेडताना पंचमावरून जोडीवर धावणारी. आत्या तिचं बोट अलगद धरून ठेवायची. एक पळभर. मग सोडायची. तारा त्याच, बोटं तीच, आणि तंबोरा बोलायला लागायचा.

माझ्या केसिंगसाठी करायचं होतं ते एका ओळीचं काम. मॉडप्रोबच्या फोल्डरमध्ये एक लहानशी फाइल, तिच्यात यूएसबी-स्टोरेज या चालकाला सूचना: हे दोन क्रमांक दिसले, की यूएएस बाजूला ठेव आणि जुन्या रीतीने बोल. क्रमांकांपुढे विसर्गासारखी दोन टिंबं आणि एक अक्षर, यू. मग सुरुवातीलाच जी छोटी प्रतिमा वाचली जाते तीही नव्याने बनवून घ्यायची, नाहीतर जागा होताना कर्नलला ही सूचना दिसतच नाही. संगणक बंद केला, चालू केला. यावेळी 3.16 वरच. केबल. दिवा. तबकडीने वेग घेतला. नोंदीत एक ओळ उमटली, की या उपकरणासाठी यूएएस वगळून यूएसबी-स्टोरेज वापरतो आहे. मी ती ओळ पुन्हापुन्हा वाचली.

मग कोणतंही लेबल नसलेली एक फाइल लावली. टेप फिरू लागल्याची खरखर, बांगड्या, दूरवरची घंटा. बराच वेळ नुसता तंबोरा. आणि मग आत्याचा आवाज, गाण्यातला नव्हे, बोलण्यातला, कुणा मुलीला थांबवणारा: “अगं, जरा ऐक की आधी.” त्या फाइलमध्ये पुढे काय गायलं आहे ते मला पाठ आहे. तरी त्या रात्री मी तिथेच थांबवून तेवढंच वाक्य परत लावत राहिले. हाय! आवाज जपून ठेवता येतो, पण त्या आवाजाला उत्तर देता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कळवायला बसले. कर्नल लिहिणाऱ्यांच्या जगात एक नियम आहे, आणि लिनक्सचे निर्माते लिनस टोरवाल्ड्स तो वर्षानुवर्षं कडकपणे पाळायला लावत आले आहेत: काल चालत असलेलं आज नव्या कर्नलने बंद पडलं, तर तो दोष कर्नलचा समजायचा, वापरणाऱ्याचा नाही. तंत्रज्ञानाच्या व्यवहारात इतका माणसाळलेला नियम मला दुसरा माहीत नाही. नाहीतर आपल्याला सगळीकडे काय ऐकायला मिळतं? जुनं झालंय, नवं घ्या. इथे उलटं. तुमच्याकडे जे आहे ते चालायलाच हवं. बदल हजारो असोत, त्यांचे दोन भाग करत, पुन्हा दोन भाग करत, कोणत्या बदलाने काम बिघडलं तिथपर्यंत पोचायची सोयही त्यांनी करून ठेवली आहे. 10,000 बदलांतून नेमका एक शोधायला अशा चौदा पायऱ्या पुरतात. माझ्यावर ती वेळ आली नाही. शोधताना कळलं की माझ्या चिपचे तेच दोन क्रमांक कुणीतरी आधीच कळवले आहेत, आणि पुढच्या एका आवृत्तीत ती नोंद येते आहे. तशी ती आली. नोंदीवरचं नाव अनोळखी, देश दूरचा. त्याच्याही टेबलावर माझ्यासारखंच केसिंग असणार. त्याच्या डिस्कवर काय होतं, कोण जाणे. मी त्याला आभाराच्या दोन ओळी पाठवल्या, आणि माझ्या फोल्डरातली ती छोटी फाइल काढून टाकली. तिची गरज उरली नव्हती.

तेव्हा तुमच्या घरी असं कधी झालं, यंत्रणा नवी केल्यावर जुनी डिस्क फिरते आहे पण उघडत नाही, आणि पडद्यावर खिडकी येऊन विचारते आहे की हिला फॉरमॅट करू का, तर एवढंच करा: ‘नको’ म्हणा. केबल आणि पोर्ट बदलून पाहा. सुरुवातीच्या यादीतून जुनं कर्नल निवडून पाहा, आणि नव्यावर डिस्क चालते आहे याची खात्री होईपर्यंत जुनं काढून टाकू नका. डिस्क उघडली की सर्वांत आधी दुसरी प्रत करा. मग डीमेसेजच्या ओळी, वस्तूचे दोन क्रमांक, कोणत्या आवृत्तीवर चालत होतं आणि कोणत्यावर थांबलं, एवढं नीट लिहून कळवा. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं. तिथे क्रमांक वाचतात. तुमच्या केसिंगसारखी केसिंगं आणखी पुष्कळ घरांत आहेत, आणि त्यांच्या मालकांपैकी फार थोडे कळवतात.